गाडीचा सांगाडाच गंजला असेल तर: ठिगळ मारण्याआधी वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६०च्या दशकातली, दोन दारांची, कापडी टपाची गाडी तुम्ही घेतली. रंग ताजा, क्रोम चकचकीत. आतलं कार्पेट उचललं तर खालचा नमदा ओला निघाला आणि दाराखालच्या सिलमध्ये (पत्र्याच्या लांब, पोकळ पेटीत) स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार अलीकडे उचलून लावावं लागतं. डेंटर म्हणतो, वरून तीन मिलिमीटरचा पत्रा मारतो, दोन दिवसांत गाडी तुमच्या हातात. मारून घ्यावा का?

नका घेऊ. आणि पुरती तपासणी होईपर्यंत ती गाडी रस्त्यावरही काढू नका.

दार उचलून लावावं लागतंय, म्हणजे एकतर बिजागऱ्या झिजल्या आहेत किंवा गाडी मधून वाकू लागली आहे. हे लगेच कळतं. दार अर्धं उघडा, टोकाला धरून हलकेच वर-खाली करा आणि दुसऱ्या कोणाला तरी बिजागरीच्या पिनेकडे पाहायला सांगा. पिनेत खेळ असेल तर काम किरकोळ आहे. पिन घट्ट आहे पण बिजागरी ज्या खांबावर बसली आहे तो खांबच हलतोय, तर खांबाचा सिलशी असलेला जोड गेलेला आहे. तसंच सस्पेन्शन, स्टिअरिंग बॉक्स आणि सीटबेल्ट यांच्या बोल्टांभोवतीचा पत्रा पाहा. ब्रिटनच्या वार्षिक वाहन तपासणीत अशा प्रत्येक आधारापासून ३० सेंटिमीटरच्या आतला पत्रा सांगाड्याचाच भाग धरतात. तुम्ही कुठेही राहत असलात तरी ही मोजपट्टी वापरण्याजोगी आहे. ब्रेक मारताना किंवा चाक खड्ड्यात आदळताना सगळा जोर तिथेच येतो.

आता सिल म्हणजे नक्की काय, हे आधी मनात पक्कं करा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. जुन्या गाड्यांत ढोबळमानाने दोन प्रकार. एकात खाली शिडीसारखी वेगळी चॅसिस असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. दुसऱ्यात वेगळी चॅसिस नसतेच, पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून सगळी बॉडीच भार पेलते. १९३४ सालच्या सिट्रोएन ट्रॅक्शन आव्हाँने ही मोनोकॉक पद्धत मोठ्या उत्पादनात रुळवली आणि १९६०पर्यंत बहुतेक लहान गाड्या अशाच बनू लागल्या. फोक्सवॅगन बीटल या दोन्हींच्या मधली. तिचा फ्लोअर वेगळा निघतो खरा, पण दारांखालून गरम हवा वाहून नेणाऱ्या पेट्या बॉडीला ताठपणा देतात, आणि त्या सडल्या की बॉडी लुळी पडते.

तुमची गाडी कापडी टपाची आहे, म्हणून तुमच्या बाबतीत सिल दुप्पट महत्त्वाचं. झाकण असलेला बुटांचा खोका पिळून पाहा आणि मग झाकण काढून पिळा. टप नसलेल्या मोनोकॉक गाडीत पुढचं आणि मागचं चाक यांच्यामध्ये भार पेलायला दोन सिल, दोन सीटांमधला फ्लोअरचा उंचवटा (मधला बोगदा) आणि फ्लोअर एवढंच उरतं. एमजीबीसारख्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत सिल तीन थरांचं असतं: बाहेरचं दिसणारं कवच, मधला उभा पडदा आणि आतली भिंत. खरी ताकद या तिघांच्या मिळून झालेल्या बंद पेटीत आहे. बाहेरचं कवच नवं असून मधला पडदा सडलेला असेल, तर गाडी देखणी दिसते आणि मधून वाकते. विकण्यासाठी घाईत सजवलेल्या गाड्यांत हे वारंवार आढळतं.

गंज आतून बाहेर येतो. पेटीच्या आत कारखान्यात धड रंग पोहोचलेला नसायचा. पॉइंट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी, जोडलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं की ते तिथेच धरून राहतं, वाऱ्याने सुकत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं पोलाद भराभर गंजू लागतं, आणि मीठ असेल, मग ते समुद्राच्या वाऱ्याचं असो की बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं, तर त्याहून कमी दमटपणाही पुरतो. गंजाला मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो जोडाचे पत्रे एकमेकांपासून ढकलत जातो. जोडाच्या कडेला दोन वेल्डच्या मधोमध पत्रा फुगलेला दिसला, तर आत पापुद्रे साचलेले आहेत असं खुशाल समजा. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतल्या बाजूने काम बरंच पुढे गेलेलं असतं.

तपासणीला घाई करू नका. पैसे आणि वेळ वाचवणारा हाच टप्पा आहे. सीट, कार्पेट, नमदा, दाराखालच्या पट्ट्या सगळं बाहेर काढा. खालून डांबरी लेप असेल तर खरवडून काढा. जाड डांबराखाली शाबूत पत्रा आहे असं गृहीत धरू नये. तो लेप कडेने सुटला की त्याच्या मागे पाणी साचतं आणि पत्रा कुजून गेल्यावरही लेप स्वतःच्या जोरावर आकार धरून राहतो. मग हलकी हातोडी घ्या आणि बोटभर अंतराने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो, आणि पुट्टी भरलेली जागा यापेक्षाही वेगळी, मेलेल्या आवाजाची. शंका आली की पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. पुट्टीवर ते धरत नाही. त्यानंतर टोच्याने दाबा. शाबूत पत्र्यावर फक्त चरा उठतो. टोच्या आत गेला तर भोवती खडूने गोल करा आणि चांगला पत्रा लागेपर्यंत पुढे सरकत राहा. पाणी निघायच्या भोकांतून एंडोस्कोप कॅमेरा घालून पेटीच्या आत पाहा. अंधारात आतून दिवा धरला तर कुठून उजेड येतो तेही दिसतं.

आता गाडी वाकते का, ते पाहायचं. सपाट जमिनीवर दारं बंद करा. दार आणि मागचा पत्रा यांच्यातल्या फटीत वर, मध्ये आणि खाली, पत्त्याच्या कॅटमधली पानं एकावर एक धरून किती पानं बसतात ते लिहून ठेवा. मग पुढच्या चाकाच्या मागे, जिथे सांगाडा भक्कम आहे तिथे, जॅकने चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल इतकं उचला आणि पुन्हा मोजा. एखाद्या पानाचा फरक आला तर उघड्या गाडीत ते चालतं. फट नजरेला दिसेल इतकी बदलली किंवा दार उघडेनासं झालं, तर सांगाड्याने ताकद गमावली आहे. जॅक लावताच पत्रा चुरगळून आत गेला तर वेगळं मोजायची गरजच नाही. तिथेच थांबा आणि आधार दुसऱ्या जागी हलवा.

याच्या जोडीला ओळंब्याने मोजमाप घ्या. गाडी चारही बाजूंनी समपातळीत घोड्यांवर, म्हणजे गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर, ठेवा. सस्पेन्शनचे बोल्ट, चॅसिसमधली कारखान्याची भोकं अशा पक्क्या बिंदूंपासून जमिनीपर्यंत ओळंबा सोडा, खाली खडूने फुली मारा. मग गाडी बाजूला सारून फुल्यांमधली तिरपी अंतरं मोजा: डावीकडच्या पुढच्या फुलीपासून उजव्या मागच्या फुलीपर्यंत, आणि उलट. दोन्ही सारखी यायला हवीत. बऱ्याच गाड्यांच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये हे बिंदू आणि अंतरं दिलेली असतात. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर गंजाआधी एखादा अपघात झालेला असू शकतो आणि गाडी सरळ केल्याशिवाय एकही नवा पत्रा लावू नये. वाकड्या गाडीवर नवं सिल बसवलं की ती कायमची वाकडी झाली.

एवढं झाल्यावर हाताशी एक नकाशा येतो आणि ठरवायचं कठीण राहत नाही. पृष्ठभागावरचा गंज, ज्याखाली खणखणीत पत्रा आहे, तो घासून, रसायन लावून, रंगवून टिकवता येतो. खड्डे पडलेला पत्रा भार वाहणाऱ्या जागी असेल आणि जाडी साधारण तिसऱ्या हिश्शाने उतरली असेल, तर मी तो कापून टाकतो. आरपार गेलेला तर कापायचाच. एका बाजूचं सिल आणि फ्लोअरची कड एवढंच असेल तर काम आवाक्यातलं आहे. पण दोन्ही सिल, दारांच्या खांबांचे पाय, मागच्या कमान पाट्यांचे आधार आणि पुढच्या चॅसिसच्या भुजा हे सगळं एकत्र गेलं असेल, तर मोजायला पक्का बिंदूच शिल्लक राहत नाही. मग जिगशिवाय, म्हणजे बॉडी अचूक मापात धरून ठेवणाऱ्या चौकटीशिवाय, हात घालू नये, किंवा नव्या अथवा दुसऱ्या शाबूत बॉडीचा विचार करावा. एमजीबीच्या पूर्ण बॉडी १९८८पासून नव्याने बनू लागल्या, त्या याच कारणासाठी. बॉडी बदलायची झाली तर तुमच्याकडच्या नोंदणीचे नियम आधी पाहा, आणि नंबर कोरलेला पत्रा परवानगीशिवाय कापू नका.

डेंटरच्या तीन मिलिमीटरच्या पत्र्याकडे येतो. ऐकायला तो दणकट वाटतो. पण सिलचा पत्रा मुळात एक मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याच्यावर तिप्पट जाड तुकडा लावला की तुकडा ताठ राहतो आणि सगळा ताण त्याच्या कडेला, पातळ पत्र्यात येतो. थोड्या दिवसांत नेमकी तिथेच भेग पडते. वेल्ड करतानाही जाड पत्रा उष्णता खाऊन टाकतो. तो वितळावा म्हणून करंट वाढवला की पातळ पत्रा जळून भोक पडतं, आणि कमी ठेवला तर टाका (वेल्डचा ठिपका) नुसता वर बसतो, धरत नाही. शिवाय खालचा सडका पत्रा तसाच राहिला तर ठिगळ आणि सड यांच्यामध्ये पाण्याला नवी फट मिळते. उघडं भोक निदान दिसतं आणि सुकतं. झाकलेल्या भोकाने मालकाला खोटी खात्री मिळते, आणि त्या खात्रीवर तो घरच्यांना गाडीत बसवतो. म्हणून या एका बाबतीत मी कोणालाही सवलत देत नाही. फायबरग्लास, पुट्टी, रिव्हेट, पितळी झाळ यांतलं काहीही सांगाड्यावर चालत नाही. जितक्या जाडीचा पत्रा होता तितक्याच जाडीचा, त्याच आकाराचा, शाबूत पत्र्याला जोडलेला हवा.

कापण्याआधी गाडीला आधार द्या. दाराच्या मोकळ्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचे दोन आडवे आणि एक तिरपा दांडा बोल्टने किंवा टाक्यांनी बसवा. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतही एक आडवा द्या. गाडी सस्पेन्शनच्या जागांवर टेकलेली असावी, म्हणजे भार रस्त्यावर असतो तसाच राहतो. बॉडीच्या मधोमध घोड्या लावून दोन्ही टोकं लोंबकळत ठेवली तर कापताक्षणी आकार बदलेल. इंजिन काढावं की ठेवावं यावर मतं वेगवेगळी आहेत. माझ्या मते जिगवर नसलेली उघडी गाडी शक्यतो तिच्या नेहमीच्या वजनासह ठेवावी. एका वेळी एकच बाजू कापायची. ती पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसरीला ग्राइंडर लावायचा नाही.

बाहेरचं कवच काढल्यावरच आतला पडदा आणि भिंत नीट दिसतात, आणि तिथे तुमचा नकाशा मोठा होईल. त्याची मनाची तयारी ठेवा. पॉइंट वेल्ड ड्रिलने सोडवा, ग्राइंडरने सगळं भसाभस कापू नका. जुन्या जोडाची कड शाबूत राहिली तर नवा भाग आपोआप जागेवर बसतो. आतून बाहेर, थराथराने बांधत या. प्रत्येक थर आधी शिकंज्यांनी धरा, मोजक्या टाक्यांवर बसवा, मग दार लावून बघा. फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसते का, दार न उचलता लागतं का, कुलूप मधोमध बसतं का? टाक्यावर असताना चूक सुधारता येते, पूर्ण वेल्डनंतर येत नाही. बाहेरच्या कवचावर दार न लावताच वेल्ड उरकणं ही या कामातली सगळ्यांत महाग घाई आहे.

वेल्डिंगला मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारं), ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचा मिश्र गॅस हे या जाडीला सोयीचं पडतं. कारखान्याने जिथे पॉइंट वेल्ड दिले होते तिथे वरच्या पत्र्यात सहा ते आठ मिलिमीटरचं भोक पाडून ते भरून घ्या, आणि मूळ वेल्ड जितक्या अंतरावर होते तितक्याच अंतरावर. पत्र्याला पत्रा भिडवून जोडताना सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इकडे, एक दूर तिकडे, मधल्या वेळात पत्रा हाताला सोसेल इतका निवू द्यायचा, आणि असं करत सगळी रेघ भरून काढायची.

हात बसलाय का हे गाडीवर तपासू नका. त्याच जाडीच्या दोन पट्ट्या तसंच भोक पाडून जोडा, एक पट्टी शिकंज्यात पकडा आणि दुसरी पक्कडने पिळून सोलून काढा. वेल्डचं बटण एका पट्टीवर राहून दुसरीतून पत्र्याचा गोल तुकडा फाटून आला, तर वेल्ड आत धरलाय. बटण स्वच्छ, गुळगुळीत सुटून आलं, तर तो नुसता वर चिकटला होता. दहाच्या दहा पट्ट्या फाटेपर्यंत गाडीला मशीन लावू नका. १९६०च्या दशकातल्या गाड्या साध्या, मऊ पोलादाच्या आहेत, म्हणून हे काम शिकता येतं. अलीकडच्या गाड्यांतलं उच्च ताकदीचं पोलाद अशा उष्णतेने आपली ताकद गमावतं, त्यांना हे लागू नाही.

वेगळ्या चॅसिसची गाडी असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चॅसिसच्या भुजेवर ठिगळ द्यायचं तर ते उभ्या सरळ कडेचं नको, पतंगाच्या आकाराचं कापा. वेल्डची रेघ भुजेला सरळ आडवी गेली की भेग त्या रेघेनेच चालत जाते.

सुरक्षेबद्दल मी कडक आहे. पेट्रोलची टाकी गाडीबाहेर. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या जवळ असतील तर काढा, बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवा. वेल्डच्या पलीकडच्या बाजूला माणूस आणि अग्निशामक हवाच, कारण नमदा, फोम आणि डांबर आतल्या बाजूला पेटतं आणि तुम्हाला मुखवट्यातून ते दिसत नाही. काम थांबवल्यावरही तासभर गाडीजवळ थांबा. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी कधीही वेल्ड करू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्डजवळ घासून घ्या, त्याच्या धुराने ताप भरतो. जुन्या गाड्यांत जोडांवर शिसं ओतलेलं असतं, ते सुकं घासून त्याची धूळ उडवू नका. आणि फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

रसायनांबद्दल विचारलं जातं म्हणून सांगतो. फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचे गंजरोधक द्रव पृष्ठभागावरचा गंज स्थिर करतात, गेलेली जाडी परत आणत नाहीत. पूर्ण बॉडी आम्लात बुडवून घेतली तर सगळा गंज निघतो, पण फटींत राहिलेलं आम्ल नीट निष्प्रभ केलं नाही तर वर्षभराने तिथूनच रंग उठतो. स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट तर आम्लात घालूच नका, हायड्रोजनमुळे ते ठिसूळ होतात. लहान भाग विजेने साफ करणार असाल तर स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. साधं पोलाद पुरतं.

शेवटचा टप्पा बरेच जण कंटाळून उरकतात, आणि काही वर्षांत तोच गंज परत येतो. पत्रे एकमेकांवर बसवण्याआधी फक्त जोडाच्या कडांना वेल्ड सहन करणारा जस्ताचा प्रायमर लावा. तरीही वेल्डच्या भोवती तो जळतो, आणि पेटीच्या आतली ती जागा तुम्हाला पुन्हा कधीच हाती लागणार नाही. तिथे मेणच पोहोचतं. बाहेरून एपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर, मग लवचीक लेप आणि रंग. सगळं पूर्ण सुकल्यावर पेट्यांत कॅव्हिटी वॅक्स मारा. डबा कोमट पाण्यात ठेवून मेण पातळ करा, चहूबाजूंना फवारणारी लांब नळी पेटीच्या टोकापर्यंत घाला आणि फवारत हळूहळू बाहेर ओढा. खालच्या प्रत्येक भोकातून मेण ठिबकायला लागलं की ती पेटी भरली. दुसऱ्या दिवशी तीच भोकं तारेने पुन्हा मोकळी करा, नाहीतर मेणानेच पाण्याची वाट बंद होईल. मेणाचा हात दर दोन-तीन वर्षांनी द्यावा लागतो.

आणि तुमचा नमदा ओला होता, त्याचं कारण अजून सापडायचं आहे. कार्पेट घालण्याआधी आत एक माणूस दिवा घेऊन बसवा आणि बाहेरून पाईपने पाणी सोडा: आधी दारांवर, मग काचेच्या खालच्या रबरावर, मग काचेच्या वरच्या कडेला जिथे टप चिकटतो तिथे, आणि शेवटी बोनेटच्या मागच्या हवेच्या जाळीत. एकेका जागी काही मिनिटं थांबा, सगळीकडे एकदम नको. या वयाच्या गाड्यांत जाळीखालच्या खोबणीची निचऱ्याची नळी पाल्याने तुंबलेली असते, आणि पाणी तिथून थेट पायाखाली उतरतं.